चक्कर न आलेल्या बाई

बाई माझ्याशी कधी बोलल्याच नाहीत, त्या माझ्या कानातल्यांशी बोलायच्या. पहिल्या भेटीला मी पूर्ण तयारीने गेले होते. डॉक्टरांचे कागद, सानिकाचे लहानपणापासूनचे फोटो, रडू आलं तर रुमाल. पोरीची सगळी कहाणी मी सांगितली आणि बाई माझ्या डाव्या कानाकडे बघत ऐकत राहिल्या. मी थांबले तेव्हा म्हणाल्या, "तुमच्या कानातल्याची फिरकी सैल झाली आहे. पडेल." एवढंच. घरी येऊन मी नवऱ्याला म्हटलं, ही बाई माझ्या पोरीला काय बघणार, हिला समोर बसलेली आई दिसत नाही. त्याच संध्याकाळी भाजी घेताना ते कानातलं पडलं ते पडलंच.

आम्ही मूळचे चिपळूणकडचे. माझं लहानपण परळच्या चाळीत गेलं आणि लग्नानंतर परवडेल तिथवर सरकत आम्ही मीरा रोडला आलो. सानिका इथलीच. शाळेत घालायचं वय झालं तरी तिच्याकडे शब्द म्हणाल तर 'पाणी' आणि 'बस', आणि तेही तिच्या मर्जीने. हाक मारली तर बघायची नाही. आवाज वाढला की स्वतःचं मनगट चावायची, अगदी रक्त येईपर्यंत. डॉक्टरांनी ऑटिझम म्हटलं तेव्हा सासूबाई म्हणाल्या, असलं आमच्या घराण्यात कोणाला नाही. मग ते कोणाच्या घराण्यात आहे याचा शोध दोन्ही बाजूंनी बरेच दिवस चालला, आणि तो दमल्यावर आम्हाला बेव्हर्ली पार्कातलं ते सेंटर सापडलं.

पहिला मजला, खाली फरसाणवाला, त्याच्या शेजारी एक बंद गाळा. आत भिंतीवर इंद्रधनुष्य आणि त्याखाली हातभर अक्षरांत 'वेगळेपण साजरं करू या'. सेंटरच्या मालकांना सगळे सर म्हणायचे. थेरपीच्या प्रत्येक खोलीत त्यांनी कॅमेरा बसवला होता आणि बाहेरच्या हॉलमध्ये भला मोठा टीव्ही. पालकांचीच तशी मागणी होती, पैसे देतो तर आत काय चाललंय ते दिसलं पाहिजे. टीव्हीला आवाज नव्हता. आम्ही आया तिथे बसून आपापल्या पोरांची मूक मालिका बघायचो आणि दुसऱ्याच्या पोराने आपल्या पोराच्या आधी ठोकळे रचले की आतल्या आत जळायचो. तिथे कोणाला स्वतःचं नाव नव्हतं. मी सानिकाची मम्मी. एका बँकेत नोकरीला असलेले गृहस्थ होते ते आरवचे पप्पा. बाई तेवढ्या मला 'सानिकाच्या आई' म्हणायच्या, आणि कानातलं बदललं की तेही सांगायच्या, "आज वेगळं आहे."

बाई डोंगरीच्या, उत्तनकडच्या. वडील जाळी विणायचे. त्या रोज बसने यायच्या आणि रोज तोच करडा सुती कुडता घालायच्या. म्हणजे एकच नव्हे, एकसारखे पाच-सहा शिवून घेतले होते, आम्हाला मात्र वर्षभर एकच वाटत होता. दुपारी दोन इडल्या, चटणी नाही, सांबार नाही. इडलीवाला गावी गेला तेव्हा बाई आठवडाभर दुपारच्या उपाशी राहिल्या. मी घरून उपमा नेला तर म्हणाल्या, "हा उपमा आहे." मी म्हटलं, हो. म्हणाल्या, "मग इडली नाही." विषय संपला. उपमा मी आणि आरवच्या पप्पांनी खाल्ला, आणि ते म्हणाले की ही बाई जरा सरकलेलीच दिसते.

दिवाळीला एका गुजराती बेननी त्यांना मिठाईचा डबा दिला. बाईंनी झाकण उघडलं, आत बघितलं, झाकण लावलं आणि डबा परत केला. "मला हे आवडत नाही. कोणाला आवडत असेल त्याला द्या." बेनचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. बाईंनी अर्थातच तो बघितला नाही. सेंटरमध्ये कोणाचा वाढदिवस असला की टाळ्या सुरू व्हायच्या आत त्या जिन्यात जाऊन उभ्या राहायच्या, आणि टाळ्या संपल्या की परत येऊन शांतपणे केक खायच्या. काहीही करण्याआधी तोंडाने जाहीर करायच्या. मी आता दार उघडणार आहे. मी आता तुमच्या शेजारी बसणार आहे. मी आता जाणार आहे. आम्ही सगळ्या जणी पाठीमागे त्यांची नक्कल करायचो. मी आता चहा पिणार आहे, असं म्हणून चहा प्यायचो आणि खिदळायचो.

आणि पालकांशी कसं बोलावं याची तर काही पोचच नव्हती. नवीन आलेली आई डोळ्यांत पाणी आणून विचारते, "मॅडम, बरा होईल ना हा?" आणि बाई तिच्या कुंकवाकडे किंवा मंगळसूत्राकडे बघत म्हणतात, "तो आजारी नाही." आई बिचारी खुलते. पुढे विचारते, "म्हणजे नॉर्मल होईल?" बाई म्हणतात, "नाही." असल्या किती तरी आया रडत सरांच्या केबिनमध्ये गेल्या असतील. सर त्यांना पाणी द्यायचे, दोन-तीन वर्षांत फरक दिसेल म्हणायचे आणि पुढच्या सहा महिन्यांचं पॅकेज द्यायचे.

सानिकाच्या बाबतीत बाईंनी पहिल्या महिन्यात केलं काय, तर खोलीतली ट्यूबलाइट बंद करून टाकली आणि तिच्याकडे पाठ करून बसल्या. टीव्हीवर आम्हाला दोन पाठी दिसायच्या, एक मोठी, एक छोटी. शेजारच्या खोलीत आरव 'नमस्ते आंटी' शिकत होता आणि आमच्याकडे पाठी. मी चिडून विचारायला गेले तर म्हणाल्या, "ट्यूबलाइट गुणगुणते. तिला त्रास होतो." मला काही ऐकू येत नव्हतं. मग त्यांनी सानिकाच्या फ्रॉकची मागची बाजू उलटी करून दाखवली. मानेपाशी शिवलेलं लेबल. "हे कापा. सगळ्या कपड्यांचं." मी घरी कात्री घेऊन बसले आणि एकेक लेबल काढलं. तुमचा विश्वास बसणार नाही, पण अंघोळीनंतर कपडे घालताना रोज आमच्या घरात जे रणकंदन व्हायचं ते त्या आठवड्यात थांबलं. तीन डॉक्टर झाले होते आमचे. फ्रॉक उलटा करून कोणी बघितला नव्हता.

मी विचारलं, "बाई, तुम्हाला कसं कळलं?"

"मलाही टोचतं. मला ऑटिझम आहे." एखादीने मी मासे खात नाही म्हणावं तशा त्या म्हणाल्या. "सरांनी सांगितलंय, कोणाला सांगू नका. पण तुम्ही विचारलंत."

त्यांना ते शिकून नोकरीला लागल्यावर कळलं होतं. तोपर्यंत गावात आणि कॉलेजात त्या फक्त शिष्ट होत्या. मी एकदा, चांगलं मराठी बोलावं म्हणून, 'स्वमग्न' असा शब्द वापरला तेव्हा मात्र त्या पहिल्यांदा जरा मोठ्याने बोलल्या. "मी स्वतःत मग्न नाही. मला बाहेरचंच फार ऐकू येतं. खाली फरसाण तळताहेत ते ऐकू येतंय, तुमच्या पर्समध्ये फोन थरथरतोय तो ऐकू येतोय. स्वतःत मग्न व्हायला मिळालं तर बरं होईल." मी पर्स उघडली. नवऱ्याचा फोन येऊन गेला होता.

त्यांच्या कुडत्याच्या खिशात वडिलांनी दिलेला जाळ्याच्या दोऱ्याचा तुकडा असायचा. बोलताना हात खिशात, आणि खिशात गाठ मारणं-सोडणं चालू. त्यातलाच एक हातभर तुकडा त्यांनी सानिकाला दिला. मनगट तोंडाकडे जायला लागलं की तिच्या हातात दोरा. आठवड्याभरात पोरगी अशा गाठी मारायला लागली की मला सोडवता येईनात. सरांना ते पसंत नव्हतं. सेंटरमध्ये त्याच कामाची परदेशी रबरी खेळणी विकायला ठेवली होती.

पण सगळ्यात जास्त बोलणी बाईंनी खाल्ली ती 'नको'वरून. सानिकाला त्यांनी पहिला नवा शब्द कुठला शिकवला असेल, तर 'नको'. आणि शिकवला म्हणजे कसा, तर ती ठोकळा ढकलून द्यायची, बाई स्वतः "नको" म्हणायच्या आणि ठोकळा उचलून ठेवायच्या. ती हात झटकायची, बाई "नको" म्हणून लांब सरकायच्या. दिवसेंदिवस हेच. एक दिवस टीव्हीवर मला सानिकाचे ओठ हललेले दिसले, बाई लगेच मागे सरकल्या, आणि सानिका आपली आपण दोन इंच त्यांच्याकडे सरकली. आरवचे पप्पा शेजारीच होते. म्हणाले, "पोरांनी नाही म्हणावं म्हणून आपण फी भरतो काय?" सगळे हसले. मी हसले नाही. माझ्या पोरीचं मनगट महिनाभरात कोरडं झालं होतं, खपली धरून बरं झालं होतं. मला दुसरं काही नको होतं. बाई राहिल्या पाहिजेत, एवढंच मी त्या दिवसापासून गणपतीला सांगत आले.

मग खालचा बंद गाळा उघडला. मोबाइलचं दुकान, आणि उद्घाटनाला नाशिक ढोल. भर दुपारी, सानिकाच्या वेळेलाच. पहिल्या दणक्याला सेंटरच्या काचा हलल्या. हॉलमधल्या पोरांनी एकच कालवा केला. मी टीव्हीकडे बघितलं. बाई उठून उभ्या राहिल्या होत्या. दोन्ही हात कानांवर. खोलीत दोन फेऱ्या मारल्या, आणि मग खाली वाकून चक्क टेबलाखाली शिरल्या. गुडघे छातीशी, डोळे मिटलेले, पुढेमागे झुलताहेत. तोंड उघडं होतं, म्हणजे ओरडत असणार, आम्हाला आवाज नव्हता.

"अरे, ये मॅडम को क्या हो गया?" बेन म्हणाल्या. सगळे टीव्हीसमोर गोळा झाले. आरवचे पप्पा मोबाइल वर धरून टीव्हीचं शूटिंग करायला लागले.

मी बघत होते फक्त सानिकाचं मनगट. ती खोलीच्या मध्यभागी उभी होती आणि हात तोंडाकडे निघाला होता. मग तिने बाईंकडे बघितलं. माझ्याकडेसुद्धा न बघणाऱ्या माझ्या पोरीने खाली वाकून बाईंकडे नीट बघितलं, आणि ती टेबलाखाली गेली. बाईंच्या शेजारी बसली. बाईंच्या खिशातून लोंबणाऱ्या दोऱ्याचं एक टोक तिने धरलं. ढोल थांबेपर्यंत दोघी झुलत होत्या, आणि तिचं मनगट कोरडं होतं. हे त्या हॉलमध्ये माझ्याशिवाय कोणी बघितलं नाही. ते सगळे बाईंना बघत होते.

ढोल थांबल्यावर बाई सानिकाला घेऊन बाहेर आल्या, माझ्या कानातल्याला म्हणाल्या, "आवाज फार होता. आम्ही दोघी खाली बसलो," आणि हात धुवायला गेल्या. मी मागोमाग गेले. "बाई, तुम्ही तिच्यासाठी खाली बसलात ना? तिला शिकवायला?" हो म्हटलं असतं तर मी ते छातीठोक सगळ्यांना सांगितलं असतं. बाई म्हणाल्या, "नाही. मला सहन होईना म्हणून बसले. ती नंतर आली."

संध्याकाळपर्यंत तो व्हिडिओ पालकांच्या ग्रुपवर आला होता. 'यांच्या भरवशावर आपली मुलं?' सरांनी रविवारी सकाळी मीटिंग ठेवली. सर काही वाईट मनाचे नव्हते, त्यांना फक्त काहीही गमवायचं नव्हतं, पालकही नाहीत आणि कमी पगारात काम करणाऱ्या बाईही नाहीत. त्यांनी मला केबिनमध्ये बोलावलं. "सानिकाची मम्मी, तुमचं त्या ऐकतात. फक्त एवढं म्हणायला सांगा की चक्कर आली होती. बीपी लो, ऊन, काहीही. चक्कर काय कोणालाही येते. मी सांभाळून घेतो. ते दुसरं काही बोलायचं नाही."

मी बाईंना घेऊन जवळच्या बागेत गेले. सानिका बाकावर आमच्या मध्ये बसली होती, मान खाली, दोऱ्याला गाठी मारत. मी बाईंना शिकवायला लागले. सेंटरमध्ये पोरांना शिकवतात तसंच. "मी विचारीन, बाई, त्या दिवशी काय झालं होतं? तुम्ही म्हणायचं, मला चक्कर आली होती."

"पण चक्कर आली नव्हती."

"माहीत आहे. तरी म्हणायचं."

"का?"

"म्हणजे ते गप्प बसतील आणि तुम्ही राहाल. सानिकासाठी तरी म्हणा हो."

बाईंनी खिशातली गाठ सोडली, पुन्हा मारली. "म्हणून बघते. मला चक्कर आली होती." अगदी सपाट आवाज. मी म्हटलं, जरा जीव ओतून म्हणा. "मला चक्कर आली होती." पुन्हा तसंच. मी कपाळाला हात लावून दाखवला, त्यांनीही कपाळाला हात लावला, हवालदाराने सलाम ठोकावा तसा. हसू यायला लागलं मला. बागेत दिवे लागेपर्यंत आम्ही तेच करत बसलो. मी विचारतेय, त्या सांगताहेत, मध्ये माझी पोर गाठी मारतेय. शेवटी शेवटी बरं जमायला लागलं होतं. बाई स्वतः म्हणाल्या, "आता पाठ झालं."

रविवारी हॉल भरला होता. टीव्ही बंद होता, त्यामुळे कुठे बघायचं ते कोणाला कळत नव्हतं. सरांनी प्रस्तावना केली, मॅडमची तब्येत त्या दिवशी जरा बरी नव्हती, त्या स्वतःच सांगतील. बाई उभ्या राहिल्या. मी पहिल्या रांगेत, त्यांना बघायला सोपं जावं म्हणून मुद्दाम मोठे झुमके घालून बसले होते.

"मला चक्कर आली होती," बाई माझ्या झुमक्यांना म्हणाल्या. माझा जीव भांड्यात पडला. मग त्या पुढे म्हणाल्या, "असं मी सांगायचं ठरलंय. पण मला चक्कर आली नव्हती. मला ऑटिझम आहे. ढोल सहन होत नाही म्हणून मी टेबलाखाली गेले. तुमच्या मुलांनाही सहन होत नाही. त्यांनाही जाऊ द्या."

आता तुम्हीच सांगा. त्या खोलीत जमलेले आम्ही कोण होतो? आमच्या पोरांना शाळा घेत नाही, शेजारी वाढदिवसाला बोलावत नाहीत, रिक्षावाला वळून वळून बघतो, म्हणून ऊर बडवणारी माणसं. समोर एक बाई उभी होती, शिकलेली, कमावती, आमच्या पोरांसारखीच. आमची पोरं मोठी होऊन काय होऊ शकतील ते आयुष्यात पहिल्यांदा आमच्यापुढे चालत येऊन उभं राहिलं होतं. मला वाटलं, निदान एक तरी आई उठून तिला जवळ घेईल. नाही घेतलं तरी चाललं असतं, बाईंना आवडलंही नसतं. पण कोणी उठलंच नाही.

आरवचे पप्पा बोलले. "सर, म्हणजे हे तुम्हाला माहीत होतं? मग या शिकवणार काय? पोरांना यातून बाहेर काढायला आम्ही इथे येतो आणि तुम्ही त्यातलंच माणूस ठेवलंय?" बेन म्हणाल्या, "देखो भाईसाब, मेरे को मॅडम से प्रॉब्लेम नहीं है. पर बच्चे तो कॉपी करते हैं ना." मागून कोणी म्हणालं, या बाई मुलांना बिघडवताहेत, 'नको' म्हणायला शिकवतात, आता टेबलाखाली बसायला शिकवतील.

मी उठले. माझा आवाज चढला होता, चढू दे म्हटलं. "आरवचे पप्पा, तुमच्या सोसायटीने आरवला बागेत खेळायला बंदी केली, बाकीची मुलं त्याचं बघून शिकतील म्हणून, तेव्हा तुम्ही इथे याच खुर्चीत बसून रडला होतात. आठवतंय?"

"ते वेगळं," ते म्हणाले. खरोखर त्यांना ते वेगळं वाटत होतं. त्यांच्या चेहऱ्यावर खोटेपणाचा लवलेशही नव्हता, आणि त्याचाच मला आजही सगळ्यात जास्त संताप येतो.

मग सगळेच एकदम बोलायला लागले. बाईंचा एक हात खिशात होता, दुसरा कानावर गेला. "मी आता जाणार आहे," त्या म्हणाल्या, आणि गेल्या. कोणी नक्कल केली नाही. सरांनी ग्रुपवर दुसऱ्या दिवशी लिहिलं की मॅडमनी वैयक्तिक कारणामुळे काम सोडलं आहे. खाली इंद्रधनुष्य.

मी सानिकाला घेऊन डोंगरीला गेले. बाईंच्या आई ओट्यावर बोंबील निवडत होत्या. "या, बसा. आत हाय ती. आताशा कोनाशी बोलत न्हाय. कॉम्प्युटरवर कसलं तरी काम करते." मग हळूच म्हणाल्या, "पोरगी वाईट न्हाय हो माजी."

बाई बाहेर आल्या. तोच कुडता. सानिका जाऊन त्यांच्याकडे पाठ करून बसली आणि बाई तिच्याकडे पाठ करून बसल्या. पाठीला पाठ लागली नव्हती, पण मध्ये फार जागाही नव्हती. मी म्हटलं, बाई, मी हिला रोज बसने घेऊन येईन. तुम्ही इथेच हिच्याबरोबर बसा. सेंटर नको, सर नकोत, कोणी नको.

"नाही," बाई म्हणाल्या. "मी मुलांना बिघडवते."

"अहो, ते काहीही बोलतात!"

"सगळे एकदम बोलले. आईबाप आहेत ते मुलांचे." बाईंनी खूप विचार केलेला दिसत होता. "एवढे सगळे जण खोटं कशाला बोलतील?"

मी भांडले, समजावलं, हात जोडले. पण ज्या बाईला स्वतःला एक वाक्य खोटं बोलता येत नव्हतं, तिला बाकीचं जग उठल्यापासून झोपेपर्यंत ते करतं, हे मी कसं पटवणार? त्यांनी जे ऐकलं होतं ते खरं धरलं होतं. येताना सानिका ओट्यावरून उठेना. बाई म्हणाल्या, "ती आता जाणार आहे," आणि आत गेल्या.

तुम्ही म्हणाल, एवढं झाल्यावर मी त्याच सेंटरमध्ये का जाते? कारण आता एका शाळेने सानिकाला घेतलंय, पण अट घातली आहे, थेरपी चालू असल्याचा कागद दर सहा महिन्यांनी द्या, आणि माझ्या आटोक्यात दुसरं सेंटर नाही. नवीन मॅडम गोड आहेत. हसतात, मिठाई घेतात. त्यांनी सानिकाला डोळ्यांत बघायला शिकवलं. हनुवटीला हात लावून चेहरा वर करतात आणि तिने बघितलं की टाळ्या वाजवतात. दोरा काढून घेतला, चारचौघांत बरं दिसत नाही म्हणून. 'नको' म्हटलं की, "असं नाही म्हणायचं, गुड गर्ल ना तू?" ट्यूबलाइट लागते. टीव्हीवर आता सानिकाचा चेहरा दिसतो आणि सगळे म्हणतात, केवढा फरक पडला हो! मनगट झाकायला मी लांब बाह्यांचे फ्रॉक शिवून घेतलेत.

परवा वरसाव्याला एका लॉनवर नवऱ्याच्या चुलतभावाचं लग्न होतं. वरात आली, डीजे सुरू झाला. सानिका माझा पदर धरून उभी होती. चुलत सासूबाई आल्या, "चल गं सानू, नाचायला." सानिका म्हणाली, "नको." त्या हसल्या. "नको काय? चल!" आणि हाताला धरून ओढलं. ती पुन्हा म्हणाली, "नको, नको." चार बायका हसत होत्या. कोणीतरी म्हणालं, लाजतेय. मी मध्ये पडणार तेवढ्यात तिने हात सोडवून घेतला आणि माझ्यासमोर येऊन ताठ उभी राहिली. वर्षभर शिकवलेलं डोळ्यांत बघणं कुठल्या कुठे गेलं होतं. माझ्या कानातल्याकडे बघत, बाईंच्या त्या सपाट आवाजात ती म्हणाली,

"मला चक्कर आली होती."

आणि कपाळाला हात लावला.

मी ओळखलं, हे बागेतल्या बाकावरचं. पण बाकीचा मांडव हलला. अगं बाई, पोरीला चक्कर आली! कोणी पाणी आणलं, कोणी खुर्ची, कोणी लिंबू सरबताला धावलं. सासूबाई ओरडल्या, तो डीजे बंद करा आधी. नवरीसाठी ठेवलेली एसीची खोली सानिकासाठी उघडली. दिवे घालवले, दार लावलं, कोणी आत जाऊ नका म्हणून बाहेर माणूस बसवला. बाईंना टेबलाखाली जाऊन जे शोधावं लागलं होतं ते सगळं, न मागता. अंधारात सानिका गादीवर बसली होती, मनगट कोरडं, आणि बोटं दोरा नसलेल्या हवेत गाठी मारत होती.

नवऱ्याला तर आनंदाने काही सुचेना. पोरगी चार शब्दांचं वाक्य बोलली, चूक नाही, अडखळणं नाही. त्यानेच सेंटरला कळवलं. सरांनी ग्रुपवर टाकलं, सानिकाचं पहिलं पूर्ण वाक्य. बेननी हात जोडले, आरवच्या पप्पांनी टाळ्यांची रांग पाठवली. आम्ही पेढे वाटले.

डोंगरीला मात्र मी अजून फोन केलेला नाही. बाई ऐकून घेतील आणि एकच विचारतील, तिला खरंच चक्कर आली होती का?